‘एक्स अधिक पाचचं वर्गमूळ’ म्हणजे नेमकं कुणाचं?

बाई, नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहते, घरीच ब्लाऊज शिवते. मुलगा नववीत आहे. आठवीत असताना त्याच्या डोळ्यांची नस सुकत गेली, आता उजेड-अंधार एवढंच कळतं. आधी गणितात वर्गात पहिला यायचा. रात्री काम आवरलं की मी त्याला पुस्तक वाचून दाखवते. मराठी, इतिहास जमतं. मोबाईलही वाचून दाखवतो. पण गणित काढलं की आमची भांडणं होतात. मी वाचते ते त्याला कळत नाही, आणि मोबाईल तर काहीतरीच बडबडतो. मी स्वतः दहावीला गणितातच राहिले. शाळेतले म्हणतात, दहावीला सातवीचं गणित घेता येतं, कशाला पोराच्या जिवाला त्रास. तो ऐकून गप्प बसतो. गणित सोडून द्यायचं का, एवढंच सांगा.
— एक आई, सांगली

ताई,

नाही, सोडायचं नाही. तुम्ही ‘एवढंच सांगा’ म्हणालात म्हणून उत्तर आधी देऊन टाकलं. पुढचं जरा लांबलंय, ते काम आवरून वाचा, आणि त्यालाही ऐकवा. निम्मं त्याच्यासाठीच आहे.

आधी तुमच्या भांडणाकडे येते. तुम्ही काय वाचलंत आणि तो कशावर चिडला, हे पत्रात नाही. पण मी मिरजेकडच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, तेव्हा अंदाज बांधू शकते. समजा पुस्तकात वर्गमूळाचं चिन्ह आहे आणि त्याच्या छपराखाली एक्स, अधिक, पाच अशी तिन्ही मंडळी बसली आहेत. तुम्ही वाचलंत, ‘एक्स अधिक पाचचं वर्गमूळ.’ मराठी अगदी शुद्ध. आता डोळे मिटा आणि तेच वाक्य पुन्हा ऐका. वर्गमूळ कुणाचं? एकट्या पाचचं, की दोघांच्या बेरजेचं? एक्सच्या जागी चार घालून बघा. दोघंही छपराखाली असतील तर चार नि पाच नऊ, वर्गमूळ तीन. एकटा पाचच आत असेल तर उत्तर ६.२३ च्या आसपास. तुम्ही वाचलंत ते चूक नाही, त्याने ऐकलं ते चूक नाही, आणि उत्तरात दुपटीहून जास्त फरक. भांडण होणार नाही तर काय!

हा घोळ मराठीत वेगळ्याच टोकाला होतो. इंग्रजीत ‘स्क्वेअर रूट ऑफ’ आधी येतं, म्हणून मूळ कुठे सुरू झालं ते कळतं, संपलं कुठे ते कळत नाही. आपल्याकडे ‘चं वर्गमूळ’ शेवटी येतं. तोपर्यंत तुमच्या मुलाने डोक्यात एक्स मांडून झालेला असतो, अधिकही मांडून झालेलं असतं, आणि मग कळतं की अरे, यावर छप्पर होतं. आता ते मागे कुठपर्यंत न्यायचं? डोळस मुलगा कागदाकडे बघतो आणि त्याला विचारावंच लागत नाही. रेघ जिथपर्यंत ओढलीय तिथपर्यंत छप्पर.

अपूर्णांकाचंही तसंच. ‘एक्स अधिक पाच छेद दोन.’ एक्स तीन असेल तर उत्तर चार की साडेपाच? रेघ सगळ्याखाली आहे की फक्त पाचखाली, त्यावर आहे. आणि नववीच्या बीजगणितात संचांचा धडा आहे, तिथे ‘छेद’ हाच शब्द दोन संचांतल्या सामाईक घटकांसाठी येतो. ‘ए छेद बी’ म्हटलं तर पोराने काय समजायचं? (त्याच पुस्तकात पुढे ‘करणी’ येते, म्हणजे पूर्ण न सुटणारं मूळ. हा शब्द वाचताना दर वर्षी माझा वर्ग खिदळायचा. तुम्ही दोघंही एकदा हसून घ्या आणि पुढे चला.)

तेव्हा आज रात्रीपासून दोघांनी मिळून वाचायचे कायदे ठरवायचे. पहिला कायदा असा की जे उघडतं ते बंद झालंच पाहिजे, आणि दोन्ही वेळा तोंडाने सांगायचं. ‘वर्गमूळ सुरू, एक्स अधिक पाच, वर्गमूळ संपलं.’ ‘अपूर्णांक सुरू, वर एक्स अधिक पाच, खाली दोन, अपूर्णांक संपला.’ कंस असेल तर ‘कंस उघडा, कंस बंद’. ऐकायला चौथीतल्या शुद्धलेखनासारखं वाटेल. वाटू दे. अब्राहम नेमेथ नावाचे अमेरिकन गणिताचे प्राध्यापक होते, जन्मापासून अंध. त्यांनीही हेच केलं. त्यांना गणित वाचून दाखवणाऱ्याने कसं वाचायचं, याची जी पद्धत त्यांनी बसवली तिच्यात प्रत्येक मूळ आणि प्रत्येक अपूर्णांक असाच सुरू होतो आणि असाच संपतो. या नेमेथ यांनाही तरुणपणी सांगितलं होतं की गणित तुमच्याच्याने व्हायचं नाही, मानसशास्त्र घ्या. त्यांनी बिचाऱ्यांनी घेतलं, त्यात एम.ए. केलं, नोकरीसाठी वणवण केली, आणि शेवटी बायकोच्या आग्रहावरून गणिताकडे परत आले. पुढे विद्यापीठात गणित शिकवलं. गेले ते २०१३ साली, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन.

दुसरा कायदा तुम्हाला मी शिकवायची गरज नाही. काज-बटणं करणाऱ्या बाईला तुम्ही फोनवरून काम सांगता तेव्हा एकदम ‘साडेचौदा, सात, साडेपाच’ असे आकडे फेकत नाही. आधी म्हणता, कटोरी ब्लाऊज आहे, बाही कोपरापर्यंत, पाठ बंद, मग मापं. गणितही तसं वाचा. आधी एका दमात त्याचा घाट सांगा: ‘एक मोठा अपूर्णांक आहे, वर दोन पदं आहेत, खाली एक, आणि उजवीकडे नुसता आकडा.’ मग सावकाश आत शिरा. घाट माहीत असला की ऐकणारा प्रत्येक तुकडा कुठे ठेवायचा ते आधीच ठरवून बसतो.

तिसरं, आकडे सुटे सुटे वाचा. त्रेपन्न आणि त्रेसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, रात्री साडेदहाला पंख्याच्या आवाजात काय फरक कळणार? शब्द म्हणा आणि मागून अंक म्हणा: ‘त्रेसष्ट, सहा तीन.’ २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ आलं तेव्हा महाराष्ट्रभर हसाहशी झाली, त्यात मीही होते. तेवीस हा शब्द टाकून द्यावा असं मला आजही वाटत नाही. पण कानाने गणित करणाऱ्या मुलासाठी ‘वीस तीन’ सोयीचं आहे, हे कबूल केलं पाहिजे.

आणि एक गंमत करून बघा. वर्ग, घन, म्हणजे आकड्याच्या डोक्यावर बसलेलं जे काही असतं, ते वाचताना आवाज थोडा चढवा आणि खाली उतरल्यावर पुन्हा खाली आणा. मी काही मनचं सांगत नाही. टी. व्ही. रामन हे पुण्यात जन्मले, चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली, पुण्यातच गणिताची पदवी घेतली, मग मुंबईची आयआयटी, मग अमेरिका. तिथे १९९४ साली त्यांनी पीएचडीसाठी गणित बोलून दाखवणारी संगणक-प्रणाली केली. त्यात घातांक आला की यंत्राचा आवाजच बदलतो, वर चढतो. तुम्ही मिरजेच्या शेजारच्या, तुम्हाला सूर चढवणं कठीण नाही.

आता तुम्ही लिहिलंय की मी दहावीला गणितातच राहिले. मला त्यात अडचण दिसत नाही. लेव पोंत्र्यागिन हे रशियातले फार मोठे गणिती, जन्म १९०८. चौदाव्या वर्षी स्टोव्हचा भडका उडाला आणि दोन्ही डोळे गेले. त्यांना पुस्तकं वाचून दाखवली त्यांच्या आईने, तात्याना आंद्रेयेव्हना यांनी. आईला गणित येत नव्हतं. चिन्हांची नावंसुद्धा माहीत नव्हती. मग त्या जे दिसेल ते सांगायच्या. दोन संचांच्या संयोगाचं चिन्ह वाटीसारखं असतं, त्याला त्या म्हणायच्या ‘शेपट्या वर’. ती वाटी उपडी, म्हणजे आपला तो दुसरा छेद, तर ‘शेपट्या खाली’. अशी वर्षानुवर्षं त्या माउलीने विद्यापीठातली पुस्तकं वाचली आणि मुलगा मॉस्को विद्यापीठात प्राध्यापक झाला. आणखी एक सांगायचं राहिलं. घरचं भागत नव्हतं म्हणून त्या शिवणकाम करायच्या.

तेव्हा चिन्ह ओळखीचं नसेल तर अडू नका आणि अंदाजाने तर मुळीच वाचू नका. ‘उलटा तीन’ म्हणा, ‘डोक्यावर टोपी घातलेला बी’ म्हणा. नाव तो सांगेल. नाव त्याने सांगितलं की भांडणातला त्याचा अर्धा राग तिथेच उतरेल, कारण त्या क्षणी तो शिकवतोय आणि तुम्ही शिकताय.

मोबाईल का बडबडतो, ते आता थोडक्यात. फोनमधलं वाचून दाखवणारं ॲप अक्षरं ओळखून एका ओळीत वाचत सुटतं. पीडीएफमध्ये एक्सच्या डोक्यावरचा दोन हा यंत्राच्या लेखी नुसता बारीक टायपातला दोन असतो. ते वाचतं ‘एक्स दोन’. तीनचतुर्थांशचं होतं ‘तीन चार’. गणित चित्र म्हणून चिकटवलेलं असेल तर ते चक्क गप्प बसतं. जुन्या मराठी फॉन्टमधलं पान असेल तर आणखीच मजा, सगळा मजकूरच कडबोळं होतो. म्हणजे दोष फोनचा नाही आणि मुलाचाही नाही, पान ज्याने बनवलं त्याने ते फक्त डोळ्यांसाठी बनवलं.

यावर उपाय निघून बरीच वर्षं झाली. गणिताचा घाट यंत्राला कळेल अशी लिहायची एक पद्धत आहे, मॅथएमएल. १९९८ पासून ती वेबसाठीचं मानक आहे. तिच्यात ‘हा अपूर्णांक, हा त्याचा अंश, हा छेद’ असं सगळं आत नोंदलेलं असतं. असं पान संगणकावर उघडलं आणि त्यावर एनव्हीडीए हे वाचक-सॉफ्टवेअर असलं, सोबत मॅथकॅट ही जोडणी असली, तर ते गणित नीट वाचतं. इतकंच नाही, बाणाच्या बटणांनी आत शिरता येतं: आधी नुसता अंश ऐका, मग छेद, मग पुन्हा अंश. दोन्ही फुकट आहेत. मी भाच्याच्या कॉम्प्युटरवर ऐकलं ते वाचन इंग्रजीत होतं, पण नववीच्या मुलाला ‘स्क्वेअर रूट’ कळतंच. घरी कॉम्प्युटर नसेल तर शाळेच्या संगणक कक्षात एक यंत्र त्याच्यासाठी तयार ठेवायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे.

इथपर्यंत झालं वाचण्याचं. पण ताई, गणित वाचून येत नाही, करून येतं, आणि मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काय खटकलं असेल तर त्याच्या लिहिण्याचा कुठेच उल्लेख नाही. तो सध्या गणित कुठे करतो? डोक्यात? हुशार मुलं हेच करतात, आणि दोन ओळींची गणितं असतात तोवर खपूनही जातं. नववीत एका गणिताला सात ओळी लागतात. पाचव्या ओळीवर आल्यावर डोळस मुलगा दुसरी ओळ पुन्हा बघतो, नकळत, दहादा. तुमच्या मुलाला मागे वळून बघायला काहीतरी हातात हवं.

त्याच्यासाठी तीन वाटा आहेत. सगळ्यात लवकर जमणारी म्हणजे टेलर पाटी. नावावर जाऊ नका, ही तुमच्यातली नव्हे. टेलर हे ती शोधणाऱ्याचं आडनाव. धातूची पाटी, तिच्यावर चांदणीच्या आकाराची ओळीने भोकं, आणि त्यांत बसणारे बोटाच्या पेराएवढे चौकोनी खिळे. खिळ्याच्या एका टोकाला कडेला एक उभार असतो, दुसऱ्या टोकाला दोन टोचे. भोकाला आठ कोन, म्हणून खिळा आठ दिशांनी बसतो. दोन टोकांच्या मिळून सोळा खुणा झाल्या. दहा अंक, वर बेरीज-वजाबाकीची चिन्हं, सगळं त्यात भागतं. बीजगणिताचे खिळे वेगळे मिळतात. माझ्या हाताने मी त्यावर तीन अंकी गुणाकार केला तेव्हा वीस मिनिटं लागली आणि तो चुकला. शेजारच्या अंध शाळेतल्या पाचवीतल्या मुलीने तोच दोन मिनिटांत केला, आणि माझा खिळा कुठे उलटा बसलाय ते बोट ठेवून दाखवलं. आपल्याकडच्या अंध शाळांत ही पाटी वर्षानुवर्षं आहे. एकदा मुलाला घेऊन जा आणि तिथल्या शिक्षकांना भेटा.

दुसरी वाट ब्रेलची. याला वेळ लागेल, महिने लागतील, आणि मोबाईल बोलतो म्हणून ‘आता ब्रेल कशाला’ असं तुम्हाला दहाजण सांगतील. ते गोष्टीच्या पुस्तकांबद्दल बोलत असतील तर त्यांचं थोडंफार ऐका, गणिताबद्दल बोलत असतील तर अजिबात ऐकू नका. ब्रेलमध्ये समीकरण बोटाखाली थांबतं, आवाजासारखं निसटत नाही. गणिताचं ब्रेल जरा वेगळं असतं. साध्या ब्रेलमध्ये ‘अ’ आणि १ यांचा ठिपका एकच, ‘ब’ आणि २ यांचेही तेच. फक्त आकड्याआधी एक खूण येते. बीजगणितात अक्षरं आणि आकडे खांद्याला खांदा लावून बसतात, तिथे हे चालणार कसं? म्हणून नेमेथ यांनी, हो तेच नेमेथ, आकडे घराच्या खालच्या मजल्यावर उतरवले. सहा ठिपक्यांच्या चौकटीत अक्षर वरच्या चारांत, आकडा खालच्या चारांत. अपूर्णांक सुरू झाल्याची खूण वेगळी, संपल्याची वेगळी. त्यांची ही लिपी १९५२ साली पहिल्यांदा छापली गेली, आणि तुम्ही आज रात्री जे तोंडाने म्हणणार आहात, ‘सुरू’ नि ‘संपलं’, तेच तिथे ठिपक्यांत आहे.

तिसरी वाट साधी टायपिंगची. ती बाकी दोन शिकेपर्यंत चालू ठेवायची. एका ओळीत, कंस न चुकवता, एका पायरीला एक ओळ. बाणाने मागच्या ओळीवर जाऊन ऐकता येतं. घातांकाला छपरासारखी खूण (^), भागाकाराला तिरकी रेघ. चार दिवसांत बोटं बसतात.

भूमितीत मात्र तुम्हीच त्याच्या सगळ्यांत मोठ्या शिक्षिका ठरणार आहात, कारण हत्यार तुमच्या मशीनच्या खणात आहे. कापडावर खुणा करायचं ते दातेरी चाक. जाड कार्डपेपर घ्या, लग्नपत्रिकेचाही चालेल. खाली वर्तमानपत्राच्या चार घड्या किंवा रबराचा तुकडा. कागदावर आकृती पेन्सिलीने काढा, त्या रेघांवरून चाक दाबून फिरवा आणि कागद उलटा करा. ठिपक्यांची उठावदार रेघ बोटाला लागेल. पण एक लक्षात ठेवा, उलटल्यावर डावं-उजवं बदलतं. काटकोन डावीकडे हवा असेल तर काढताना उजवीकडे काढायचा. मला वाटतं, अस्तर उलटं बेतण्याची सवय असलेल्या बाईला हे समजवायची गरज नाही; माझे मात्र पहिले चार त्रिकोण वाया गेले होते.

एका कागदावर एकच आकृती. पुस्तकात सजावटीला शेजारी मुलगा-मुलगी उभी असतात, ती गाळा. मुख्य रेघेला चाक, मदतीच्या रेघेला नुसता फेव्हिकॉलने चिकटवलेला दोरा, बिंदूच्या जागी राजगिऱ्याचा नाही तर साबुदाण्याचा दाणा, म्हणजे बोटाला तिन्ही वेगळे लागतात. दोन रेघा इतक्या जवळ नकोत की बोटाच्या टोकाखाली एकच वाटावी. त्यासाठी आकृती पुस्तकातल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठी करा. आणि त्याचं बोट धरून फिरवू नका. त्याचं त्याला शोधू द्या. तुम्ही फक्त ‘वरच्या टोकापासून सुरू कर’ एवढं म्हणा.

आलेख आला तर आधी दोन्ही अक्षांवर काय मोजलंय ते सांगा, मग रेघ चढते की उतरते, मग महत्त्वाच्या जागा. सांगलीच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती, हे घराघरांत कानानेच कळतं: सकाळी किती, दुपारी किती, वेग वाढला की मंदावला, ४० फुटांची इशारा पातळी कधी ओलांडली, ४५ फुटांची धोका पातळी किती लांब. तुमच्या मुलाने असे कितीतरी आलेख न बघता डोक्यात काढलेले असणार. त्याला तेवढी आठवण करून द्या.

आता शाळेचं. त्याच्या गणिताच्या सरांना हे पान दाखवा, आणि पुढचा भाग खास त्यांच्यासाठी आहे, तेव्हा माझीच चूक सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, दृष्टी फार अधू. मी फळ्यावर भराभर लिहायची आणि बोलायची, ‘हे इकडे नेलं, याला याने भागलं, हे गेलं, हे राहिलं, झालं!’ वर्षाअखेरीस ती म्हणाली, ‘बाई, तुम्ही छान शिकवता, पण ते ‘हे’ म्हणजे कोण, ते एकदा सांगाल का?’ अख्खं वर्ष ती ‘हे’ कोण याचा विचार करत बसली होती. त्यानंतर मी फळ्यावर जे लिहीन ते तोंडाने म्हणायला लागले. गंमत म्हणजे मागच्या बाकावरच्या डोळस मुलांचेही गुण वाढले. सर, फळ्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकता ना? तो या मुलाच्या फोनला कोरा कागद आहे. त्याऐवजी गणित वाचून दाखवणारा दोन मिनिटांचा आवाज पाठवा. धडा टाइप करून द्यायला कॉपीराइटची भीती वाटत असेल तर तीही सोडा. २०१२ च्या दुरुस्तीपासून दिव्यांगांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून देणं आपल्या कायद्यात भंग धरत नाहीत.

ताई, त्याचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर सिव्हिलमधून काढून घ्या, युडीआयडी कार्डासकट, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासकट. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि शिकायची साधनं मोफत मिळायला हवीत. टेलर पाटी, ब्रेल पुस्तकं, यांची मागणी मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, तोंडी नको, आणि पोच घ्या. तालुक्याला समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवायला सांगा.

परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. लेखनिक खालच्या वर्गातला असतो, आणि तिथेच गणितात फसगत होते: आठवीच्या मुलाने ‘थीटा’ कधी लिहिलेला नसतो, करणीचं छप्पर कुठपर्यंत ओढायचं ते त्याला माहीत नसतं. म्हणून लेखनिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शोधू नका. गल्लीतलाच एखादा मुलगा आत्तापासून धरा, महिन्यातून दोनदा दोघांना एकत्र बसवा, आणि तुमचे ते ‘सुरू-संपलं’चे कायदे त्यालाही शिकवा.

राहिलं सातवीचं गणित. सुचवणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, आणि काही मुलांना ती सवलत खरोखर तारते. ज्याला आकड्यांशीच झगडावं लागतं त्याने ती जरूर घ्यावी. तुमच्या मुलाचं तसं नाही, तो पहिला यायचा. पुढे शास्त्र शाखा, डिप्लोमा, अशा वाटांवर दहावीचं गणित विचारतात, ते आज सोडलं तर त्या वाटा पंधराव्या वर्षीच बंद. आणि हा निर्णय दहावीचा आहे, तो अजून नववीत आहे. हातात पाटी येऊ दे, चार महिने जाऊ देत, मग त्यालाच विचारा. शाळेतले बोलतात तेव्हा तो गप्प बसतो, असं तुम्ही लिहिलंय. ते गप्प बसणं होकाराचं आहे असं मला वाटत नाही.

हे एक गणित त्याच्यासाठी पाठवते. घाट आधी सांगते: डावीकडे एक अपूर्णांक, त्याच्या वरच्या मजल्यावर वर्गमूळ, उजवीकडे नुसता आकडा. आता वाचा, असंच, एकही शब्द न गाळता: ‘अपूर्णांक सुरू; वर, वर्गमूळ सुरू, एक्स अधिक पाच, वर्गमूळ संपलं; खाली, दोन; अपूर्णांक संपला; बरोबर तीन.’ एक्स काढायला सांगा. उत्तर पूर्णांकात येतं. दशांश चिन्ह आलं तर चूक त्याच्या गणिताची की तुमच्या वाचण्याची, ते दोघांनी भांडून ठरवा आणि मला कळवा.